ताटाची डावी बाजू आणि शरद ऋतू

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी चटणी, कोशिंबीर आणि लोणचे यांवर व्याख्यान योजावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ज्या परंपरेने रसपरित्यागाला सहा बाह्य तपांमध्ये स्थान दिले, त्या परंपरेच्या व्यासपीठावरून रसास्वादाची चर्चा कशी व्हावी, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि ज्याला रसाची ओळखच नाही त्याने रसाचा त्याग केला, याला फारसा अर्थ उरत नाही. ज्याच्या तिजोरीत काही नाही त्याच्या दानाची पावती कोणी फाडत नाही. म्हणून आधी रस म्हणजे काय, तो कोणत्या ऋतूत कोठून येतो, किती घ्यावा आणि केव्हा थांबावा, हे जाणून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

महाराष्ट्रातील ताटाची एक शिस्त आहे. उजव्या बाजूला भाज्या, आमटी, मध्ये भात-पोळी, वरच्या अंगाला मीठ, आणि डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, पंचामृत. उजवी बाजू पोट भरते, डावी बाजू जिभेला जागे ठेवते. उजवीकडचा पदार्थ पुन्हा वाढताना यजमान आग्रह करतो. डावीकडचा पदार्थ मात्र बोटाच्या पेरावर मावेल इतकाच वाढायचा असतो. जुन्या जाणत्या गृहिणी चटणीची वाटी पंगतीत फिरवताना चमचा मुद्दामच लहान ठेवीत. ही काटकसर नव्हती. ते प्रमाणाचे ज्ञान होते.

ही डावी बाजू वर्षभर सारखी नसते. वैशाखात ती कैरीची असते, श्रावणात काकडीची असते आणि आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरद ऋतूत, ती सर्वांत नाजूक परीक्षेला उतरते. कारण या ऋतूचा स्वभाव फसवा आहे. पाऊस ओसरतो, आकाश निवळते, पहाटे गारवा जाणवतो, आणि दुपारी मात्र ऊन असे तापते की शहरातील मंडळी त्याला सरळ ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. तेथील विचार असा की, पावसाळ्यात शरीर ओलाव्याला व थंडाव्याला सरावते. साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने एकाएकी उसळते. म्हणून या दिवसांत गोड, कडू आणि तुरट चवींचे हलके अन्न घ्यावे. दही, तेल, क्षार, दिवसाची झोप व कडक ऊन टाळावे. आंबट, खारट व तिखट या तीन चवी पित्त वाढवणाऱ्या मानल्या गेल्या आहेत. वैद्य मंडळी गमतीने शरद ऋतूला आपली आई म्हणत, कारण त्यांच्या दाराशी रुग्णांची गर्दी याच दिवसांत होई.

आता अडचण स्पष्ट होते. चटणी तिखट, लोणचे खारट, लिंबू आंबट. म्हणजे डाव्या बाजूचे निम्मे मानकरी या ऋतूत पाहुणे म्हणून फारसे हितकर नाहीत. मग ताटाची ती बाजू रिकामी ठेवायची काय? पूर्वीच्या स्वयंपाकघरांनी तसे केले नाही. त्यांनी मानकरी बदलले.

जैन घरांत तर ही अदलाबदल पंचांगाला बांधलेली आहे. श्वेतांबर परंपरेत आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची ओळी येते. अशीच ओळी चैत्रातही असते. या नऊ दिवसांत आयंबिल करणारी व्यक्ती दिवसातून एकदाच जेवते आणि त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ यांपैकी काहीही नसते. हिरवी भाजी नाही, फळ नाही. काही साधक नऊ दिवस नऊ पदांच्या वर्णांनुसार एकेका धान्यावर काढतात. अरिहंताचा पांढरा म्हणून तांदूळ, सिद्धाचा लाल म्हणून गहू, आचार्यांचा पिवळा म्हणून हरभरा, उपाध्यायांचा हिरवा म्हणून मूग, साधूंचा काळा म्हणून उडीद आणि उरलेल्या चार पदांना पुन्हा तांदूळ. अशा नऊ ओळ्या, म्हणजे ८१ आयंबिले, साडेचार वर्षांत पूर्ण होतात.

या तपाचा धार्मिक अर्थ विशद करण्याचे हे स्थान नव्हे. तो अधिकार मुनिवर्यांचा आहे. येथे विचार करावयाचा तो जिभेचा. आयंबिलशाळेत वाढल्या जाणाऱ्या अन्नात मीठ, मिरी, सुंठ आणि हिंग एवढेच बहुधा असते. काही कडक साधक तेही घेत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत जीभ बंड करते. चौथ्या-पाचव्या दिवशी उकडलेल्या मुगाला स्वतःची एक गोडी आहे हे उमगू लागते. सहाव्या-सातव्या दिवशी भाताच्या दोन वाणांतला फरक तूप-वरणावाचून कळतो. दहाव्या दिवशी पारण्याला मुगाचे कोमट पाणी तोंडाला लागते, तेव्हा त्यातील जिऱ्याचा दाणाही मोठा मसाला वाटतो. वर्षभर तिखटमिठाने बधिर झालेली जीभ अशी धुऊन निघते. आणि हे घडते ते नेमके अशा ऋतूत, जेव्हा वैद्यक तिखट-आंबट-खारट कमी करा म्हणून सांगत असते.

दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर बांधवांकडे ओळी नसली तरी कार्तिक शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा हे अष्टाह्निक पर्व येते, आणि काही घरांत रविवारी मीठ सोडण्याचा नेमही पाळला जातो. वाट वेगळी असली तरी रोख तोच.

हिंगाचा उल्लेख झालाच आहे, तर त्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकघरात हिंग हा खरा कारभारी. तापल्या तुपात चिमूटभर पडला की आमटीला जो भरदारपणा येतो, तो इतर घरांत लसणाशिवाय येत नाही. गंमत अशी की शतकानुशतके घराघरांत वापरला जाणारा हा पदार्थ भारतात पिकतच नव्हता. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान येथून त्याचा डिंक येतो आणि येथे मैदा वा बाभळीच्या डिंकासारख्या पदार्थांत मिसळून ‘बांधानी’ हिंग बनतो. हिमाचल प्रदेशातील पालमपूरच्या हिमालयी जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौल खोऱ्यात हिंगाची पहिली रोपे लावली. ही झाडे डिंक द्यायला काही वर्षे घेतात. डबीवरील मजकूर वाचून हिंग घ्यावा, कारण डबीत हिंग किती आणि पीठ किती, याचा हिशेब वासावरून पुष्कळदा लागत नाही.

आता डाव्या बाजूच्या नव्या मानकऱ्यांकडे वळू. त्यांत अग्रपूजेचा मान आवळ्याचा. कार्तिकात आवळा बाजारात भरू लागतो. महाराष्ट्रातील अनेक घरांत तुळशीचे लग्न झाल्याशिवाय नवा आवळा व चिंच तोंडात घालीत नाहीत, आणि कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली जेवण्याची प्रथाही आहे. या फळाचे वैशिष्ट्य असे की खारट सोडून उरलेल्या पाचही चवी त्यात आहेत असे आयुर्वेद मानतो. पहिला चावा आंबट, मग तुरट, किंचित कडू. आणि वर पाण्याचा घोट घेतला की गोड. आंबट असूनही पित्त शमवणारे म्हणून त्याला अपवाद केले गेले आहे. शरदाला जे हवे ते बहुतेक या एका फळात मिळते. किसलेल्या आवळ्यात सैंधव, जिरे आणि किंचित साखर घालून केलेली कोशिंबीर, ठेचलेल्या आवळ्यात हिरवी मिरची व हिंगाची फोडणी, साखरेच्या पाकातला मोरावळा, सैंधव-सुंठ लावून वाळवलेली आवळासुपारी, असे त्याचे अनेक अवतार. मोरावळ्याची बरणी घरात असली की मार्च-एप्रिलपर्यंत सकाळी एक फोड मिळते. मधुमेही मंडळींनी मात्र ‘औषधी आहे’ या सबबीवर मोरावळ्याची बशी पुढे ओढू नये. त्यांच्यासाठी आवळासुपारी आहे.

आवळ्याचाच सख्खा शेजारी हिरडा. वैद्यकात ऋतूनुसार हिरडा कशासोबत घ्यावा याचा क्रम दिलेला आहे. वर्षा ऋतूत सैंधवासोबत, शरदात साखरेसोबत आणि हेमंतात सुंठेसोबत. एका वस्तूला सहा ऋतूंत सहा सोबती देणारी ही दृष्टी आजच्या ‘बारा महिने एकच बाटली’ या सवयीपुढे ठेवून पाहण्यासारखी आहे.

लिंबाबद्दल दोन शब्द. पावसानंतर कागदी लिंबू स्वस्त होते आणि आश्विनातले ऊन लोणच्याला मानवते. लिंबाच्या फोडींना मीठ लावून बरणी रोज उन्हात ठेवायची, साल मऊ झाली की गूळ वा साखर घालायची, तेलाचा थेंब नाही. येथे मर्यादेचा विचार येतो. दिगंबर परंपरेत लोणच्याची मर्यादा चोवीस तासांची सांगितली जाते. श्वेतांबर परंपरेत फोडींना कडक ऊन देऊन त्यांतील पाण्याचा अंश पुरता गेला असेल तरच ते टिकाऊ म्हणून ग्राह्य धरले जाते, एरवी अभक्ष्य. आपापल्या गुरूंच्या आज्ञेप्रमाणे वागावे. एवढे मात्र लक्षात घ्यावे की या नियमांच्या मुळाशी ओलाव्याचे फार बारकाईने केलेले निरीक्षण आहे. श्वेतांबर घरांत मिठाई, खाखरे यांचा काळ चातुर्मासात १५ दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि हिवाळ्यात ३० दिवस धरतात. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा अनुक्रमे ३, ५ आणि ७ दिवस. दमट हवेत पेठेतल्या कापडाच्या गाठीला जसा वास धरतो, तसाच पिठाला धरतो. फरक एवढाच की गाठ उन्हात टाकून विकता येते.

मेतकूट हा आणखी एक जुना सोबती. त्यात हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, थोडे गहू, मेथ्या, जिरे, हळद, सुंठ, हिंग असे सारे भाजून दळलेले असते. इतर घरांत ते कच्च्या दह्यात सर्रास कालवतात. जैन घरांत न तापवलेले दही आणि डाळ एकत्र आली की द्विदलाचा दोष लागतो, म्हणून मेतकूट गरम भात आणि तुपासोबत घ्यावयाचे. वैद्यकही शरदात दही टाळा म्हणते. दोन वेगवेगळ्या शास्त्रांनी वेगवेगळ्या कारणांनी एकाच वाटीवर बोट ठेवावे, हे पाहून मौज वाटते.

कारल्याच्या काचऱ्या, लाल भोपळ्याचे भरीत, तिळकूट-शेंगदाणे-चिंच-गूळ-हिरव्या मिरचीचे पंचामृत, विदर्भात कार्तिक सरताना निघणारी अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी, मारवाडातून आलेल्या घरांत गावाकडून मागवली जाणारी वाळवलेली काचरी, अशी यादी वाढवता येईल. काचरीचे ते लहानसे रानफळ तिकडे भाद्रपद-आश्विनात पिकते. महाराष्ट्रात तीन-चार पिढ्या झालेल्या कुटुंबांतही त्या आंबूस-तुरट चवीने वृद्धांचे डोळे ओलावतात. यादी मात्र येथे पुरे. कारण सांगण्यासारखी खरी गोष्ट एका साध्या चटणीची आहे.

दोडक्याच्या शिरांची चटणी सर्वांना ठाऊक आहे. भाजी करताना ज्या शिरा खरवडून टाकून द्यायच्या, त्या तेलाच्या एका थेंबावर कुरकुरीत परतायच्या, त्यात तीळ, सुके खोबरे, मिरची, मीठ आणि चवीपुरती चिंच-गूळ घालून कुटायच्या. पण नियम पाळणाऱ्या श्वेतांबर घरांत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी, कोथिंबीर व तीळ वर्ज्य असतात. म्हणून त्या आठ महिन्यांत तिळाच्या जागी फुटाण्याची डाळ येते. एकच चटणी, पण पौर्णिमेच्या अलीकडे तिचा एक पोत आणि पलीकडे दुसरा.

अशाच एका घरात एक वृद्ध आजी ही चटणी करीत. प्रमाण विचारले की त्या मूठ उघडून दाखवीत. सून बँकेत नोकरीला. तिला दगडी खलबत्त्यापाशी बसायला सवड नव्हती, आणि त्यात तिचा दोष काहीच नव्हता. बाजारातून बाटल्या येऊ लागल्या. एकदा बाटलीवरच्या बारीक अक्षरांत लसणाचा उल्लेख निघाला आणि घरात मोठा खेद झाला. पुढे आजींना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि पापड-लोणच्यासह आजींची डावी बाजूच बंद केली. आजींनी तक्रार केली नाही. जेवण मात्र कमी होत गेले. ज्येष्ठांच्या घरी हे दृश्य नवे नाही. औषधे वेळेवर, आहार मोजका, आणि ताट जवळजवळ भरलेले परत जाते.

नात शिकायला पुण्यात होती. दिवाळीच्या सुटीत ती आली, तेव्हा तिने वजनकाटा आजींच्या पुढ्यात ठेवला. आजींनी मूठ भरायची, नातीने ती काट्यावर रिकामी करून वहीत आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी डाळीची मूठ एका वजनाची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच. नात वैतागली. मग आजींनी सांगितले की कालचे दोडके कोवळे होते, शिरांत पाणी फार, म्हणून डाळ जास्त लागली. आजचे जून आहेत. वहीत तेव्हापासून डाळीच्या आकड्यापुढे ‘दोडका कोवळा’ किंवा ‘दोडका जून’ असे शेरे पडू लागले. मिठाचा प्रश्न उरला होता. नातीने मीठ निम्म्यावर आणून त्याची उणीव चिंच, भाजलेले जिरे आणि हिंग यांनी भरून काढायची, असे चार-पाच प्रयोग केले. डॉक्टरांना वही दाखवली. दिवसाला एक लहान चमचा चालेल, असे त्यांनी सांगितले.

सुटी संपून नात परत गेली. वही सुनेच्या हाती आली. रविवारी सकाळी ती वही समोर ठेवून बसू लागली. कुटायला मिक्सर होता. आजींनी एवढेच बजावले की तो थांबत थांबत फिरवावा, नाहीतर चटणीचे पीठ होते.

कार्तिकी पौर्णिमा आली आणि गेली. वद्य प्रतिपदेला सकाळी सुनेने बाजारातून कोथिंबिरीची पहिली जुडी आणि नवे तीळ आणले. आठ महिन्यांनंतर घरात तीळ भाजल्याचा वास दरवळला, तेव्हा आजी आपल्या खोलीतून भिंतीला हात लावीत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. कोणी बोलावले नव्हते. ताट वाढले गेले. भात, मुगाचे वरण, दुधीची भाजी, आणि डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, एक लहान चमचा चटणी. आजींनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, “तीळ अंमळ जास्त भाजलेस. उद्या आच मंद ठेव.” आणि त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

जय जिनेंद्र!